आजोबांची रायफल कुणाकडे ठेवायची

"मी नसताना ती रायफल या घरात परत येऊ देऊ नकोस," असं मार्लिसने सुनेला बजावलं होतं, आणि सुनेने ते कानाआड केलं होतं.

कानाआड केलं म्हणजे काही उद्धटपणे नव्हे. मार्लिसचं शेवटचं दुखणं चालू होतं. बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी तिची खाट लावली होती, औषधांनी जीभ जड झाली होती आणि त्याच सकाळी ती लहानपणच्या एका गाईला नाव घेऊन हाका मारत होती. ब्रिनने तिच्या ओठांना ओला बोळा लावला, "नाही येऊ देणार," म्हणाली आणि लगेच उठली, कारण रांगती टिल्डा शेगडीच्या दिशेने निघाली होती.

ब्रिन होतीच तशी. बोलणं एकीकडे, डोळा पोरीकडे. कॉलेजात तिने बालशिक्षण घेतलं होतं, त्यामुळे कुठल्या घरात काय गिळण्याजोगं आहे, काय अंगावर पडेल, कुठलं कपाट भिंतीला ठोकलेलं नाही, हे तिला उंबऱ्यातूनच दिसायचं. नवरा टेट तिला 'आमचं हवामान खातं' म्हणायचा. आभाळ निरभ्र असलं तरी हिचा वादळाचा इशारा ठरलेला. पण पिकल्या केसांच्या माणसांवरही तसाच डोळा ठेवावा लागतो, हे काही कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

रायफल तेव्हा टेट आणि ब्रिनच्या घरीच होती. दुखणं कळताच मार्लिसने नवऱ्याच्या सगळ्या बंदुका मुलाच्या तळघरातल्या लोखंडी कपाटात हलवल्या होत्या. "द्यायच्याच आहेत कधीतरी, आत्ताच देऊन टाकू," एवढंच कारण तिने सांगितलं. सासरा, आर्लन, गुरांकडे निघून गेला. टेटला वाटलं, वारसा जरा लवकर मिळाला.

त्यानंतर मार्लिस गेली. आर्लनने गुरं विकली, कुरण शेजाऱ्यांना चरायला दिलं. टिल्डा चार वर्षांची झाली. टेट ज्या कोळशाच्या वीजकेंद्रात होता ते बंद पडायला आलं, आणि पार दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीत, वीजतारांच्या कामावर त्याला बोलावणं आलं. घर विकलं गेलं. खोकी भरता भरता शेवटी तळघरातलं ते कपाट तेवढं उरलं.

माँटानाच्या या कोपऱ्यात बंदूक म्हणजे घरातल्या कुदळ-फावड्यासारखी. गाई विण्याच्या दिवसांत कोल्हे येतात, पानगळीत हरणाचं मांस वर्षभरासाठी भरून ठेवायचं असतं. तिला कोण परवाना विचारतो? पण न्यू जर्सीत बंदुकीला परवाना, परवान्याला अर्ज, अर्जाला बोटांचे ठसे आणि वर ओळखीच्या माणसांची साक्ष.

"तिथे आपल्याला ओळखतं कोण?" टेट कपाटासमोर उकिडवा बसून म्हणाला. "माझ्या साक्षीला काय, विमानतळावरचा झाडूवाला येणार?"

"मग नेऊ नकोस ना," ब्रिन म्हणाली. "तिथे ना हरणं मारायची आहेत ना कोल्हे. भाड्याची दोन खोल्यांची जागा, त्यात टिल्डा. मला तसंही नकोच आहे."

"पिस्तूल विकतो. माझंच आहे, त्याचं काही नाही. छर्ऱ्याची बंदूकही जाईल." मग त्याने मागच्या बाजूने एक जुनी, अक्रोडी दस्त्याची रायफल बाहेर काढली. दस्त्यावर एका ठिकाणी दातांच्या खुणा होत्या. टेटच्या आजोबांच्या घोड्याने चावा घेतला होता म्हणे. "पण ही आणि डॅडच्या बाकीच्या दोन, या डॅडकडे. प्रश्नच नाही. मुळात त्याच्याच आहेत."

ब्रिनच्या मनात पाल चुकचुकली. खिडकीजवळची खाट, ओला बोळा. "या पण विकल्या तर?"

टेटने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने चर्चची घंटा भंगारात घालायला काढली होती. "आजोबांची रायफल? मग टिल्डालाही लाव विकायला. तिचे बरे येतील."

"टेट, तुझ्या आईने मला सांगितलं होतं, ही त्या घरात परत जाऊ देऊ नकोस म्हणून."

"कधी?"

"शेवटी शेवटी."

"शेवटी शेवटी आई मला गव्हर्नर समजत होती." तो हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "डॅड तसला माणूस नाही, ब्रिन."

'तसला' म्हणजे कसला, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिथे ते कुणीच विचारत नाही.

रविवारी ती दोघं टिल्डाला घेऊन आर्लनकडे जेवायला गेली. गाडी अंगणात शिरली तरी भुंकणं ऐकू आलं नाही.

"पेनी कुठंय?" टिल्डाने उतरता उतरता विचारलं. पेनी म्हणजे आर्लनची कुत्री. मार्लिसच्या माघारी त्या घरात श्वास घेणारा तेवढाच दुसरा जीव.

"व्हर्नाला दिली," आर्लन म्हणाला. व्हर्ना पलीकडच्या टेकडीवर मेंढ्या पाळायची. "कुत्र्याला काम लागतं. माझ्याकडे काय, उन्हात लोळणं. ते मी एकटाही करू शकतो."

जेवण नेहमीचंच होतं, भाजलेलं गोमांस आणि बटाटे, आणि कॉफी इतकी पातळ की कपाचा तळ दिसावा. पण बाकी काही नेहमीचं नव्हतं. मार्लिसचं बटाट्याच्या रोट्या लाटायचं खाचांचं लाटणं आर्लनने टिल्डाच्या हातात दिलं, "घेऊन जा, इथे कोण लाटतंय." टेटच्या गाडीत त्याने आपलं चांगलं खोगीर ठेवलं. मग तो टेटला विहिरीच्या पंपाकडे घेऊन गेला आणि पाणी कुठून बंद करायचं, थंडीत नळ्या कशा रिकाम्या करायच्या, हे नीट दाखवलं. खिडकीतून ब्रिन बघत होती. पाणी चालू करायचं दाखवणं वेगळं. बंद करायचं दाखवतो तो माणूस घर मिटायला काढतो.

तो भांडी आत घेऊन आला तेव्हा तिने सरळ विचारलं, "पॉप, तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे."

"म्हणजे अगदी खरं?"

"वारा सुटलाय आज," आर्लन म्हणाला, आणि बशी पुसायला लागला. त्याच्या मनाचं दार लागलं. कडीसुद्धा बसल्याचं तिला ऐकू आलं.

परतताना टेट खुशीत होता. "बघ, बोललो डॅडशी. म्हणाला, आणून ठेव बंदुका, खुंट्या रिकाम्याच आहेत. लगेच हो म्हणाला."

"लगेच?"

"एका शब्दात."

ब्रिनने मागे वळून गाडीतल्या खोगिराकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी टिल्डाला मागच्या सीटवर बांधून ती व्हर्नाच्या टेकडीवर गेली. पेनीने धावत येऊन गाडीची चाकं हुंगली आणि कुणीतरी दुसरंच उतरेल म्हणून दाराकडे बघत राहिली. व्हर्ना गोठ्यातून बाहेर आली, रबरी बूट, डोक्याला नवऱ्याची जुनी टोपी.

"बोल. काय हवंय?"

"काही नाही. सहज आले."

व्हर्नाचा चेहराच उतरला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं!"

"मग असं बोलू नये, बाई. काही नको असताना इथे येतं कोण? पाना हवा असतो, यीस्ट हवं असतं, मेंढा हवा असतो. 'सहज' येतो तो पाद्री, नाही तर पोलीस." तिने दार उघडून धरलं. "ये आत. पोरीला घे. तिथे कात्री आहे, ती उचल आधी."

व्हर्नाने आपल्याही आधी कात्री पाहिली, याचं ब्रिनला बरं वाटलं. ओट्याशी उभं राहून तिने सगळं सांगितलं, खाटेवरचं बोलणं, कुत्री, खोगीर, पंप, तो लगेचचा होकार.  मग व्हर्नाने फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"टेट तेव्हा तुझ्या पोरीएवढा असेल. मोठा दुष्काळ. आर्लनला अर्धी गुरं मातीमोल विकावी लागली, आणि उरलेल्यांना पाणी नाही. एक दिवस मार्लिस आली. स्वयंपाकघरातल्या फडक्यात रायफलीचा बोल्ट गुंडाळलेला." बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीतला तो सरकता लोखंडी दांडा, तो नसला की रायफल म्हणजे नुसती काठी. "बाकीच्या बंदुका तिने भावाकडे पाठवल्या. ही आजोबांची, ही घरातून गेली तर आर्लनला कळेल, म्हणून नुसता बोल्ट. काय म्हणाली माहितेय? 'हा ठेव जरा, याला गंज चढतो आमच्याकडे.' झालं. मी या डब्यात तळाशी ठेवला, वर कागद, वर बिस्किटं. हिवाळाभर होता. उन्हाळ्याच्या तोंडाला ती आली, घेऊन गेली. त्यावर आम्ही एक अक्षर कधी बोललो नाही."

"आणि पॉप?"

"तो यायचा ना. मीच बोलवायची. आज कुंपण, उद्या छप्पर. चांगलं कुंपण मी स्वतः मोडलंय, त्याने यावं म्हणून." व्हर्नाने टोपी मागे सरकवली. "कुत्री दिली तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं, उदार झाला. ब्रिन, तू त्याला 'कसे आहात' विचारलंस ना? त्याचा उपयोग नाही. त्याच्याकडे काहीतरी माग. मागणाऱ्याला त्याने कधी दारातून परत पाठवलेलं नाही."

टेटला हे सांगितलं तेव्हा तो खोक्यावर बसला. हातातली चिकटपट्टी त्याने उगाच उलगडली, पुन्हा गुंडाळली. "त्या हिवाळ्यात आई रोज त्याच्याबरोबर गोठ्यात जायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, तिला गाई आवडतात." मग म्हणाला, "आपण जाऊयाच नको."

"इथे राहून खाणार काय? आणि तू त्याच्यासाठी राहिलास हे त्याला कळलं ना, तर ते त्याच्या जिवाला आणखी एक ओझं. मला एकदा जाऊ दे. एकटीला."

ती गेली ती रायफल घेऊनच, मोकळी, एकही गोळी बरोबर नाही. आर्लन पायरीवर बसला होता.

"पॉप, माझं एक काम आहे."

तो ताबडतोब उठला. "कसलं?"

"ही जरा साफ करून द्या, आणि बोल्ट कसा काढायचा ते दाखवा. टेट म्हणतो त्याला येतं, पण—"

"त्याला नाही येत. बारा वर्षांचा असताना स्प्रिंग उडवली होती त्याने, मार्लिसच्या सूपच्या पातेल्यात सापडली."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने वर्तमानपत्र पसरलं. आत काही नाही ना हे आधी डोळ्यांनी पाहिलं, मग बोट घालून पाहिलं. बोल्ट सुटून हातात आला तो असा, जणू रायफलीलाच तो द्यायचा होता. तेलाचा वास सुटला. फडक्यावरून त्याची बोटं शांतपणे फिरायला लागली, तशी ब्रिन म्हणाली, "आता दुसरं काम."

"बोल."

"तिकडे गेल्यावर मला झोप लागायला हवी."

"त्यात मी काय करणार? मी काय अंगाई म्हणू फोनवर?"

"या बंदुका तुमच्याकडे ठेवायच्या नाहीत. एवढंच मागते आहे."

बोटं थांबली. "माझ्या आहेत त्या, पोरी."

"माहितेय."

बाहेर वाऱ्याने अंगणातलं फाटक एकदा आपटलं. आर्लन दारातून बैठकीच्या खिडकीकडे बघत होता, जिथे खाट होती तिकडे. "मार्लिस बोलली तुझ्यापाशी."

"बोलली. तेव्हा मी ऐकलं नाही, आता ऐकते आहे." पुढचं वाक्य तिने गाडीत येताना मोठ्याने म्हणून पाहिलं होतं, आणि दर वेळी तिचा आवाज फाटला होता. आता मात्र ते साधं निघालं. "पॉप, जीव द्यायचा विचार येतो का तुमच्या मनात?"

त्याने नाही म्हटलं नाही. रागावलाही नाही. स्वच्छ झालेला बोल्ट पुन्हा पुसायला घेतला.

"रोज नाही," तो म्हणाला. "दुष्काळात गुरं गेली तेव्हा आला होता. मग गेला. तुम्ही जाणार म्हटल्यावर परत आला. कधी कॉफी उकळेपर्यंत निघून जातो. कधी बसूनच राहतो." मग म्हणाला, "पेनीला म्हणून पाठवलं. मला कुणी शोधत येईपर्यंत तिला एकटीला वाट बघत बसावं लागू नये."

ब्रिनच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. पुसलं असतं तर त्याने विषय बदलला असता. "टेटला सांगू?"

"मीच सांगतो." मग जरा वेळाने, "तालुक्याच्या दवाखान्यात ती नवी डॉक्टरीण आहे ना?"

"आहे. टेट नेईल. जायच्या आधी."

"सांगताना दातांसाठी म्हणून सांग. लोक बघतात."

"तुमची कवळी आहे, पॉप."

आर्लन हसला, म्हणजे नाकातून वारा सोडला. उठून त्याने कपाटातलं धुतलेलं फडकं काढलं, बोल्ट त्यात ठेवला, चारी टोकं दुमडली. "व्हर्नाला दे. बाकीच्या दोन्ही बंदुकाही तिच्याच कपाटात जाऊ देत. हा मात्र बिस्किटांच्या डब्यात."

"तुम्हाला डब्याचं माहीत होतं?"

"अगं, हिवाळाभर त्या डब्यातली बिस्किटं खायला घातली तिने मला. समोर डबा ठेवायची, मी तळापर्यंत खात जायचो, आणि कागद दिसायला लागला की ही पटकन नवी भरायची. दोघांनाही माहीत. बोललं कुणीच नाही." फडक्याची घडी त्याने तिच्याकडे सरकवली. "या खेपेला निदान बोललो."

रायफलीचा नुसता सांगाडा दारावरच्या खुंट्यांवर चढला. तेवढं त्याने मागून घेतलं, आणि ब्रिनने दिलं.

बंदुका पोचवायला टेट बापाला घेऊनच व्हर्नाकडे गेला. वाटेत काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही; पण परतताना पेनी दोघांच्या मध्ये बसून आली. तिला परत मागायला आर्लन लाजत होता. "दिलेलं कुत्रं मागतात का?" मग व्हर्नानेच मागितलं, म्हणाली, ही बया माझ्या मेंढ्यांना घाबरवते, घेऊन जा, उपकार होतील.

आता ती तिघं न्यू जर्सीत आहेत. टेटला तारांवरून समुद्र दिसतो. ब्रिन रविवारी फोन करते आणि काहीतरी मागते: पॉप, नळ गळतोय, काय करू? पॉप, सुपात मार्लिस काय घालायची? तो खेकसतो, तुमच्याकडे नळवाले नाहीत का, आणि मग सविस्तर सांगतो. महिन्यातून एकदा तो दातांच्या डॉक्टरिणीकडे जातो. टिल्डाला त्याने वसंतात यायचं कबूल केलंय, विमानाने नाही, गाडीने, पेनीसकट.

पण आता व्हर्नाचा खुबा बदलायचाय. डबा आणि बंदुका तिने आपल्या पुतण्याच्या घरी नेऊन ठेवल्या आहेत, आणि ती स्वतः हिवाळाभर बिलिंग्ज शहरात, मुलीकडे. त्या रस्त्यावर बर्फ साफ करणाऱ्या गाडीखेरीज कुणी फिरकत नाही. फोनवर माणसाचा आवाज येतो. त्याने दाढी केलीय का, कुत्रीच्या भांड्यात पाणी आहे का, हे फोनवर दिसत नाही. ब्रिनला दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक काम आहे. तुमचं कधी त्या बाजूने जाणं झालंच, तर मोडक्या पवनचक्कीपाशी आर्लनकडे वळा. सहज आलो म्हणू नका. पक्कड मागा. तो म्हणेल, चांगली मुलाला देऊन टाकली, जुनी आहे. म्हणावं, जुनीच द्या. कॉफी पातळ असेल, तरी प्या. आणि तो रस्ता तुमच्या वाटेवर कुठून असणार, हेही तिला कळतं. पण तुमच्या वाटेवर एखादं घर असेलच, जिथे हल्ली वस्तू वाटून टाकणं चाललंय, जिथे 'बरा आहे' म्हणून दार लागतं. तिथे विरजण मागायला जा. बसा. आणि कप हातात आला की ब्रिनने त्या टेबलाशी विचारलं तसं विचारा, त्याच शब्दांत. आज जमेल का तुम्हाला?